पाठीवरची घळ

बायको गेल्यावर माणसाने रडावं, एवढी साधी अपेक्षा लोकांची असते. अर्थमंत्र्यांनी ती पुरी केली नाही. भेटायला येणारी माणसं दारातच चेहरा पाडून उभी राहायची आणि हे विचारायचे, "चहा घेणार ना? साखर किती?" काहींनी मिठी मारून पाहिली. मिठीत ते कपाटासारखे उभे राहिले. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं की ओठ आपलाच असतो, जागेवरही असतो, पण बोट लावलं तर दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो. अर्थमंत्री डोक्यापासून पायापर्यंत तसे झाले होते. तक्रार काही नव्हती. भूक वेळेवर लागत होती, झोप येत होती, वर्तमानपत्रातल्या चुका दिसत होत्या.

अर्थमंत्री हे नाव मेहुण्याने ठेवलेलं. सरकारशी त्यांचा संबंध मतदानापुरताच. कॉलेजात ते कलेचा इतिहास शिकवत आणि मासिकांतून छायाचित्रांचे अर्थ सांगत. समोर फोटो ठेवला की त्यांना अर्थ फुटायचा. फोटोत तो असो वा नसो. बायको फोटो काढायची, हे अर्थ लावायचे. अशी कामाची वाटणी ठरलेली असल्याने संसारात भांडणाला फारशी जागा नव्हती.

तिचे फोटो ज्याला अतिवास्तव म्हणतात त्या जातीचे. बाईच्या मानेवर डोक्याच्या जागी भरगच्च झाड. म्हाताऱ्याच्या तळहातातून निघून मनगटापर्यंत वाहत गेलेली नदी. झोपलेल्या माणसाच्या पोटऱ्यांवर वाऱ्याने वाकलेलं गवत. हे सगळं कॉम्प्युटरवर नाही, हाताने. एक निगेटिव्ह माणसाची, एक झाडाची किंवा डोंगराची. दोन्ही एकमेकींवर ठेवून एकाच कागदावर छापायच्या. डार्करूम म्हणजे घरातलं बाथरूम. आत लाल दिवा लागला की बाकीच्यांच्या आंघोळी रद्द. लेक लहान असताना एकदा शाळेत सांगून आली होती, "आज आमच्याकडे पाणी नाही, आईने जंगल धुवायला काढलंय."

माणसांसाठी मॉडेल कुठून आणायचे? तिने सासर-माहेर दोन्ही वापरलं. कुणी सहज भेटायला आलं की चहाबरोबर फर्मान सुटायचं, "जरा शर्टाची बाही वर कर. आणखी वर. हं, आता हलू नकोस." सख्ख्या भावाला तर तिने दुपारभर हात वर करून उभं केलं होतं, कारण तिला फांद्या हव्या होत्या. त्याचा खांदा तेव्हापासून जो धरला तो धरलाच.

उभं केलं नाही ते फक्त नवऱ्याला. त्यांनी एकदा स्वतःहून विचारलं, तर म्हणाली, "नको. तू पोझ देत नाहीस, अर्थ देतोस." ते हसले आणि पुन्हा विचारलं नाही. पण अख्ख्या खानदानाची कोपरं, गुडघे, तळवे कलादालनांच्या भिंतींवर लागत गेले आणि आपली करंगळीसुद्धा कुठे नाही, हे त्यांच्या लक्षात राहिलं होतं. लक्षात राहिलं होतं, इतकंच.

या सगळ्यात एक घोटाळा झाला. कॅमेरा कायम तिच्या हातात; त्यामुळे ती गेली तेव्हा घरात हजारो फोटो होते आणि तिचा एकही नव्हता. होता तो ओळखपत्रावरचा. त्यात ती पोलिसांनी चौकशीला बोलावल्यासारखी दिसत होती. तोच मोठा करून भिंतीवर लावला. लेक आली, फोटोकडे पाहिलं आणि म्हणाली, "ही कोण?"

त्यानंतर लेकीने घर उपसायला घेतलं. माळा झाला, कपाटं झाली, बहिणींचे, चुलत्यांचे, शेजारणींचे अल्बम झाले. प्रत्येक लग्नात आईचा एक कान किंवा अर्धी वेणी कडेला दिसे. बाकीची आई कॅमेऱ्यामागे. शेवटी बाथरूमच्या फळीवर, टिपकागदांच्या चळतीत, एक मोठा छापलेला फोटो सापडला. कुणी न पाहिलेला. तिने तो बाप-लेकीलाही दाखवला नव्हता.

फोटोत एक उघडी पाठ होती. अरुंद, हाडं दिसणारी. खांद्यांच्या जागी दोन टेकड्या, मणक्याच्या जागी कोरडा ओढा, मान वर धुक्यात गेलेली. कमरेपासून वर चढत गेलेली एक काळी घळ. वर गोलसर, दोन्ही बाजूंना टोकदार फाटे.

लेक ती पाठ बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "बाबा, ही आई आहे ना?"

"असू शकेल."

"असू शकेल काय? शेवटी शेवटी केवढी वाळली होती ती. टायमर लावून काढला असणार. नवरा आहात ना तुम्ही? बायकोची पाठ ओळखता येत नाही?"

"ती कायम समोर असायची," अर्थमंत्री म्हणाले.

मग त्यांनी चष्मा पुसला आणि सवयीने कामाला लागले. देहाचं भूदृश्य होणं, म्हणजे व्यक्तीने आपलं नाव मातीला परत करणं. कोरडा ओढा म्हणजे वाहून गेलेला काळ. आणि ती काळी घळ म्हणजे खालून वर चढत येणारी रात्र; तिचे दोन फाटे म्हणजे कवेत घ्यायला पसरलेलं मरण. घळीवर दोन पानं झाली. लिहिताना त्यांना काहीही झालं नाही. वाणसामानाची यादी केल्यासारखी पानं भरली.

लेकीने ती वाचून टेबलावर ठेवली. "मला दोन पानं नकोत, बाबा. हो किंवा नाही, एवढंच सांगा. हो असेल तर हा मी घरी नेणार आहे. माझ्याकडे दुसरं काही नाही तिचं."

हो किंवा नाही असा अर्थ अर्थमंत्र्यांनी जन्मात लावला नव्हता. ते म्हणाले, "बघू."

बघायचं काम कलादालनाच्या संचालिकेने परस्पर उरकलं. ती तिथे बायकोचं प्रदर्शन भरवत होती, आणि पाठ पाहिल्याबरोबर तिने टाळीच वाजवली. "सर, हे तर सेल्फ-पोर्ट्रेट! खाली 'स्वप्रतिमा' लिहू या. आणि पोस्टरवर हाच." अर्थमंत्र्यांनी मान हलवली. त्या दिवसांत ते कशालाही मान हलवत. लेकीने मात्र त्या हलवलेल्या मानेचा अर्थ 'हो' असा लावला आणि त्या रात्री म्हणे ती किती दिवसांनी नीट झोपली.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी घरच्यांना बोलावलं होतं. माणसं शिड्यांवर चढून दिवे वळवत होती. मेहुणा आत आला तो थेट फांद्यांपाशी.

"हा मी!" त्याने मोठ्याने जाहीर केलं. खालची पट्टी वाचली. "'आकाशाकडे झेपावणारी मानवी तहान.' अर्थमंत्री, तहान नाही हो. लघवीला लागली होती. ताई सोडेना."

"कलाकृतीत दोन्ही असू शकतं," अर्थमंत्री म्हणाले.

"दोन्ही नव्हतं. एकच होतं."

मागून अर्थमंत्र्यांची थोरली बहीण आली, लेकीच्या हाताला धरून. हिचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे सगळं जग तिला नव्याने आणि अस्वच्छ दिसत होतं. तिने आधी संचालिकेला चौकटींवरची धूळ दाखवली. मग चित्रांपुढून चालत निघाली, भाजी निवडावी तशी.

"हा सुनेचा गळा. केवढं झाड लावलंय त्यावर, मान अवघडली असेल. हा हात आपल्या दादांचा. अंगठा बघ, दारात सापडला होता. हे गुडघे कुणाचे गं? ओळखले, पण सांगत नाही, बाई आहे ती."

असं करत ती पाठीसमोर आली आणि थांबली. लेक तिच्या दंडाला बिलगली. "आत्या, ही आई. पट्टी वाच. स्वप्रतिमा."

आत्याने पट्टी वाचली नाही. चेहरा चौकटीला लागेल इतका पुढे नेला, मागे घेतला, आणि भावाच्या कानात कुजबुजली. तिची कुजबुज शिडीवरच्या माणसालाही ऐकू गेली.

"अरे धाकट्या, ही तर तुझी पाठ!"

शिडीवरच्या माणसाने उगाच एक दिवा विझवला.

"माझी कशी असेल?" अर्थमंत्री म्हणाले. "मला तिने कधी उभं केलं नाही."

"उभा नाहीच आहेस. बसलायस, पोक काढून. आणि हा खड्डा बघ, डाव्या खांद्याखाली. कुंपणावरून पडलास तो दगडावर. मीच हळद भरली होती. तुला रोज आंघोळ कोण घालायचं? तुझी पाठ मला विचार, तुला काय ठाऊक?"

"तो खड्डा भरून आला असं मला सांगितलं होतं."

"तू रडायचा थांबावास म्हणून सांगितलं होतं."

अर्थमंत्री फोटोकडे पाहत राहिले. त्या खड्ड्याला त्यांनी दुसऱ्या पानावर 'प्राचीन ज्वालामुखीचं मुख' म्हटलं होतं.

लेकीने आत्याचा हात सोडला. तिचा आवाज अगदी सपाट झाला. "बाबा, ऑफिसात चला. शर्ट काढा."

संचालिकेच्या ऑफिसात एकीकडे फायली, दुसरीकडे भिंतभर त्याच पाठीचं पोस्टर. अर्थमंत्री स्टुलावर बसले, पोस्टरकडे तोंड करून, शर्ट मांडीवर घेऊन. तेवढ्यात संचालिका मोबाइलवर बोलत आत आली, उघडे सर पाहिले, "मी नंतर करते" असं फोनला आणि सरांना मिळून म्हणाली आणि दाराशीच खिळली.

लेक मागे उभी राहिली. अर्थमंत्र्यांना ती दिसत नव्हती, नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाली, "खड्डा आहे."

"मग मी काय सांगतेय?" आत्या म्हणाली.

लेकीने खड्ड्यावर बोट टेकवलं. "कळतंय का काही?"

"नाही."

"तिथे त्याला लहानपणापासूनच कळत नाही," आत्याने खुलासा केला.

मेहुण्याने खुर्चीवरच्या फायली उचलून बाजूला ठेवल्या. लेक कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसली. "म्हणजे नाहीच," ती म्हणाली. "एकही नाही तिचा. संपलं." ती रडली नाही. बापासारखीच बसली, हात मांडीवर ठेवून. अर्थमंत्र्यांनी वळून तिला तसं बसलेलं पाहिलं आणि त्यांना ते बरं दिसलं नाही. आपण असे दिसत असू, हे त्यांना आजवर सुचलं नव्हतं.

ते पुन्हा पोस्टरकडे वळले. कधी काढला असेल? उन्हाळ्यात दुपारपासून संध्याकाळपर्यंत ते उघडेच लिहायला बसत, भिंतीकडे तोंड करून. मागे अंगणाचं दार. संध्याकाळी ऊन त्या दारातून थेट टेबलापर्यंत यायचं. ती दारात उभी राहिली असणार. हाक मारली असती तर हे वळले असते आणि उजेड-सावलीवर बोलायला लागले असते, म्हणून हाक मारली नसणार. ऊन तिच्या पाठीशी. आणि ऊन पाठीशी घेऊन दारात उभ्या राहिलेल्या बाईची...

"ती घळ," ते म्हणाले.

"आता घळीचं काय?" लेक म्हणाली. "मरण ना? वाचलंय मी."

"मरण नाही. चुकलं ते." हे वाक्य त्यांनी छायाचित्रांच्या बाबतीत पहिल्यांदाच उच्चारलं, त्यामुळे जरा अडखळत. "दुसरी निगेटिव्ह डोंगराची आहे, तर ती घळ डोंगरातलीही असू शकेल. नक्की सांगता येणार नाही. पण ती सावलीही असू शकेल. माझ्या पाठीवर पडलेली. तिची."

आत्या पोस्टरपाशी गेली. नवे डोळे बारीक केले. वरचा गोल भाग पाहिला, दोन बाजूंचे दोन टोकदार फाटे पाहिले. कॅमेरा डोळ्याला लावला की माणसाचे हात जसे होतात तसे.

"नक्की सांगता येणार नाही म्हणे! घळीला कोपरं असतात का रे?"

लेक उठली. पोस्टरसमोर उभी राहिली. हळूच तिने आपले दोन्ही हात तसे वर घेतले, रिकामेच, डोळ्यापाशी. मेहुणा म्हणाला, "अशीच उभी राहायची. अगदी अशीच. आणि आपण मरायचो हात वर करून." मग तो खिडकीपाशी गेला आणि तिकडे तोंड करून उभा राहिला.

संचालिकेने दारातून विचारलं, "मग... पट्टी बदलायची का, सर? 'स्वप्रतिमा' काढू?"

अर्थमंत्र्यांनी मान हलवली नाही. लेकीकडे पाहिलं.

"राहू दे," लेक म्हणाली. "आणि प्रदर्शन संपलं की हा माझ्या घरी जाणार आहे. बाबांसकट आई आहे, चालेल."

"माझी दोन पानं?" त्यांनी विचारलं.

"ती तुमच्या घरी राहू देत."

ती पुन्हा त्यांच्यामागे आली. पोस्टरवर एकदा नीट पाहून घेतलं, अंदाज केला, आणि मणक्याच्या बाजूला, जिथे ती सावली पडली असावी तिथे, अख्खा तळवा टेकवला.

"इथे कळतंय?"

ऑफिसातला पंखा फिरत होता. कुणीतरी बाहेर शिडी सरकवली.

"तुझा हात गार आहे," ते म्हणाले.

तिने तो काढला नाही. आत्याने शर्ट उचलून झटकला, कॉलर बघून नाक मुरडलं आणि म्हणाली, "धुवायला झालाय. बस तसाच जरा वेळ."