साधं की कडक

खालापुरात हिरामणच्या वर्कशॉपवर कुणी भंगारातलं अनोळखी लोखंड आणलं, की तो ते ग्राइंडरला टेकवायचा आणि नुसत्या ठिणग्या बघून सांगायचा, ओतीव बीड आहे, साधं लोखंड आहे की कडक पोलाद. तीस वर्षांत त्याला कुणी खोटं पाडलं नव्हतं. पण दोन वर्षांपूर्वी त्याच्या डोळ्यांची नस सुकायला लागली. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. हे फक्त त्याच्या बायकोला, शकूला ठाऊक होतं. तेव्हापासून लोखंड तो धरायचा आणि ठिणग्या ती बघायची.

मार्चमध्ये कर्जतकडचा किशोर जाड सळई घेऊन आला. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायची पिन हवी होती. हिरामणनं सळई टेकवली.

"लांब हाय, सरळ," शकू हळूच म्हणाली.

"टोकाला फुटते का? फुलं दिसतात? फुलं असली तर पोलाद कडक."

किशोर घाई करत होता, आत चुलीवर भात उतू जात होता.

"नाय वाटत."

पुन्हा टेकवली तर किशोरला संशय येईल, म्हणून हिरामणनं ते साधं लोखंडच धरलं. त्यानं सळई तापवली, ठोकून डोकं केलं आणि पाण्यात बुडवली. साध्या लोखंडाला त्यानं काही होत नाही. कडक पोलाद मात्र काचेसारखं ठिसूळ होतं.

आठव्या दिवशी चढावर पिन तुटली. ट्रॉली मागं घसरून उलटली. ट्रॉलीतल्या पेंढ्यावर किशोरची बायको वनिता बसली होती. ती जागीच गेली.

बातमी आली तशी शकूनं उरलेला तुकडा ग्राइंडरला लावला. ठिणग्यांची टोकं फुटत होती, फुलंच फुलं. तिनं ग्राइंडर बंद केला.

तेराव्यानंतर किशोर पिनेचे दोन तुकडे घेऊन आला. "भंगारवाल्यानं लोखंडच सडकं दिलं ना, काका? तुमी सांगा, त्याला सोडत नाय."

हिरामणनं तुटल्या जागी बोट फिरवलं. पिन कुठं वाकलीसुद्धा नव्हती, काचेसारखी तुटली होती.

"लोखंड चांगलं व्हतं रं. मी वळखलं नाय. मला दिसत नाय."

"आवो, मीच..." शकू पुढं झाली.

"तू गप."

किशोरनं त्याच्या डोळ्यांपुढं हात हलवून बघितला. "आदी का नाय सांगितलं?"

किशोर तुकडे तिथंच टाकून निघून गेला. त्यानं तक्रारही केली नाही.

वर्कशॉप बंद झालं. शकू आता एका फार्महाऊसवर भांडी घासायला जाते. एकदा जेवताना ती म्हणाली, "त्या दिवशी मी नीट बघितलंच नवतं."

"म्हाईत हाय," हिरामण म्हणाला आणि ताटात भाजी कुठं आहे ते चाचपू लागला.