दाराजवळचं लाल बटण

"बॅटरी बदलून काही होणार नाही, काका. वर्षभरात ही तिसरी बसली ना?" दुरुस्तीला आलेल्या वायरवालीने मल्टीमीटर त्यांच्यापुढे धरला. साडेअकरा व्होल्ट, म्हणजे बॅटरी जवळजवळ रिकामी.

काकांचं तोंड एवढंसं झालं. तेहेतीस वर्षं घरोघर विजेचे मीटर वाचलेला माणूस, आणि त्याला कुणीतरी आकडा दाखवावा! लेकीने तर धोशाच लावला होता, बाबा, ते चाकांवरचं घर विका नि आमच्याकडे या. आज दोष सापडला नाही तर विकतो, असं काका कबूलही करून बसले होते. अकरा वर्षं बायकोबरोबर गाडीमागे ओढत हिंडवलेलं घर. ती जाऊन वर्ष झालं.

वायरवालीने फ्यूज पाहिला, टर्मिनल घासली, चार्जर तपासला. तो ठणठणीत होता. मग ती दाराजवळ वाकली. "हे लाल बटण कोणी बंद केलं?"

"मी. मुक्कामाला पोचून बाहेरची वीज जोडली, की बंद करतो. बॅटरी उगाच कशाला जाळायची?" काका ऐटीत म्हणाले.

"अहो, हे बंद केलं की चार्जरपासून बॅटरीच तुटते! दिवे बाहेरच्या विजेवर लागतात, म्हणून कळत नाही. पहिल्यापासून असंच करता?"

"अगदी पहिल्या दिवसापासून."

"मग इतकी वर्षं चार्ज कशी होत होती? मागून कोणी चालू करायचं का?"

काका "छे" म्हणायला गेले नि थांबले. बटण बंद करून ते बाहेर नळावर हात धुवायला जात. परत येईपर्यंत बायको दाराशी उभी, हसू दाबत. "झाली का बचत, मीटरसाहेब?" सकाळी निघताना बटण चालू करायचं काम तिचंच, त्यामुळे त्यांनी कधी बघितलंही नाही. अकरा वर्षांत तिने एकदाही त्यांची चूक काढली नव्हती. काकांना ते घर इतकं रिकामं कधीच वाटलं नव्हतं.

बटण चालू करून वायरवाली गेली. पाठोपाठ लेकीचा फोन. "सापडला का दोष?"

"सापडला. माझाच होता. घर विकायचं नाही."

मग काकांनी बटण बंद केलं आणि नळावर गेले. हात सावकाश धुतले, जरा जास्तच वेळ लावला. परत आले.

बटण बंदच होतं. काका वाकले आणि त्यांनी ते चालू केलं.