न चिकटणारे मेंढरू

मित्रांनो, मी फळा आहे आणि बराच जुना आहे, पण माझ्यावर खडू कधीच चालला नाही. माझ्या अंगावर निळसर फ्लॅनेल ताणलेले आहे. त्याची लव आणि कापडी चित्रांच्या पाठीची लव एकमेकींना धरून ठेवतात, म्हणून चित्राला खिळा लागत नाही की डिंक लागत नाही. प्रार्थनागृहाला लागून एक खोली आहे. तिथे रविवारी लहान मुलांचा वर्ग भरतो. तेच माझे घर. मी जे पाहिले ते पाहिले म्हणून सांगेन, आणि जे नुसते ऐकले ते ऐकले म्हणून.

माझी पाठ एका मोडक्या कपाटाच्या दाराची आहे. सुताराने ती कापून दिली आणि वर्ग घेणाऱ्या मावशींनी तिच्यावर फ्लॅनेल चढवले. मावशी आठवडाभर लोकांचे कपडे शिवत, त्यामुळे चित्रांना कापडाची कमतरता नव्हती. मेंढपाळाचा झगा कोटाच्या अस्तराचा होता, मेंढरे जुन्या पांघरुणाची. एक मेंढरू इतरांपेक्षा लहान होते आणि त्याचा एक कान चुकून मोठा कापला गेला होता. ते येशूच्या गोष्टीतले हरवलेले मेंढरू, ज्याला मेंढपाळ शोधून खांद्यावर घेऊन येतो.

मावशींची शिकवण्याची रीत साधी होती. आधी येशूची एखादी गोष्ट आणि मग एकच प्रश्न, "बरं, हे उद्या शाळेत कसं करायचं?" डबा विसरलेल्या मुलाशेजारी बसायचे की उठून जायचे? पेला आपल्या हातून फुटला तर मांजराचे नाव सांगायचे का? बोबडे बोलणाऱ्याला सगळे हसत असतील तेव्हा आपण काय करायचे? मुले विचार करत, भांडत, उत्तरे देत. त्या काळी लोक माझे फार कौतुक करत. दुसऱ्या वर्गांतल्या बाई मला बघायला येत.

शेवटी एक मान असे. आठवड्यात ज्याने काही चांगले केले असेल त्याने उभे राहून ते सांगायचे आणि हरवलेले मेंढरू मेंढपाळाच्या खांद्यावर लावायचे. हात न पुरणाऱ्यांना किल्लीमामा उचलून धरत. मामा प्रार्थनागृहाची राखण करत आणि मामींबरोबर मागच्या खोलीत राहत. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा वाजला की मुले ओळखत, मामा आले.

त्या मानापायी मुलांची चांगली कामे वाढू लागली. एकाने आजींची एक पिशवी उचलली, तर पुढच्या रविवारी दुसऱ्याने दोन उचलल्या. एका आठवड्यात तर कोपऱ्यावरच्या आजींना इतक्या जणांनी रस्ता ओलांडून दिला की बिचाऱ्या घरी कधी पोहोचल्या असतील कोण जाणे. मावशी हसून मान डोलवत. सगळ्यांना शाबासकी मिळे.

पिटुकलीला मात्र कधीच मिळाली नव्हती. वर्गात ती सगळ्यांत लहान. सांगायची वेळ आली की ती फ्रॉकचे टोक चघळत बसे.

माझ्या खुंटीसमोरच हात धुण्याची मोरी आहे. एका रविवारी पिटुकली लवकर आली आणि हात धुवायला मोरीत गेली. हे मी पाहिले. तिने नळ फिरवला, पण पाणी गेलेले होते. ती थेंबाची वाट बघत उभी राहिली. तेवढ्यात मावशींची हाक आली आणि ती धावली. नळ तसाच उघडा राहिला.

वर्गाच्या शेवटी तीच उभी राहिली. "मोरीतला नळ कुणीतरी उघडा ठेवला होता. पाणी वाया जाईल म्हणून मी बंद केला," ती म्हणाली. टाळ्या पडल्या. मामांनी तिला उचलले. तिने मेंढरू लावले आणि ते एका झटक्यात चिकटले.

संध्याकाळी मामांनी नेहमीप्रमाणे मोरीत डोकावून पाहिले. पाणी पडत नव्हते. कोरडा नळ उघडा आहे की बंद, हे दारातून कळत नाही.

दुसऱ्या दिवशी मामा पाळकांना, म्हणजे प्रार्थनागृहाच्या धर्मगुरूंना, सांगून मामींना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. ते नसताना पाणी आले. मोरीच्या जाळीवर फडके पडलेले होते, त्यामुळे पाणी तुंबले आणि खोलीत शिरले. मला खुंटीवरून उतरवून भिंतीकडे तोंड करून टेकवलेले होते. माझे पाय घसरले आणि मी पालथा पडलो. पाणी पुढे प्रार्थनागृहात गेले. जाजम भिजले, गाणाऱ्यांचे झगे खराब झाले, ऑर्गनचे लाकूड फुगले.

प्रार्थनागृहाची कमिटी याच खोलीत बसली, कारण आतले जाजम अजून निथळत होते. मी कोपऱ्यात वाळत होतो. अध्यक्षांनी मामांना विचारले की नळ काय आपणहून उघडला? मामा म्हणाले, रविवारी संध्याकाळी मी बघितला, पाणी पडत नव्हतं. पाळकांनी शंका काढली की एखाद्या मुलाच्या हातून राहिला असेल. तेव्हा मावशींना बोलावले.

"नाही हो, नळ बंदच होता," मावशी म्हणाल्या. "आमच्या पिटुकलीने स्वतः बंद केला."

म्हणजे नळ वर्गानंतर उघडला गेला, असे कमिटीने धरले, आणि वर्गानंतर किल्ल्या एकट्या मामांकडे होत्या. मामांनी महिनाअखेर मागची खोली रिकामी करावी असे ठरले. मावशी खोटे बोलल्या नव्हत्या. त्यांनी ऐकलेले, पाहिल्यासारखे सांगितले होते.

पुढच्या रविवारी ही बातमी वर्गात पोहोचली. ज्याला सगळे वकील म्हणत तो मोठा मुलगा पिटुकलीला म्हणाला, "तू नळ बंद केलास ना, म्हणून मामा अडकले. नाहीतर सुटले असते." त्याने हे गमतीने म्हटले. पिटुकली त्या दिवशी घुटमळत राहिली. एकदा मावशींजवळ जाऊन उभी राहिली. काय ग, असे मावशींनी विचारले, तर काही नाही म्हणून परत फिरली.

त्यानंतरच्या रविवारी मागच्या अंगणात मामी भांडी चादरीत बांधत होत्या. खिडकीतून आवाज येत होता. पिटुकलीचा चेहरा उतरलेला पाहून मावशींना वाटले, तिला खुलवावे. त्यांनी काही न विचारता मेंढरू तिच्या हातात दिले. सवयीप्रमाणे मामांना हाक गेली. मामा आले, हात पुसले आणि वाकले.

"चल ग, एवढं शेवटचं उचलतो."

पिटुकली मागे सरली. "मला नको. मी नळ बंद नव्हता केला. मीच उघडला होता." मग तिला रडू फुटले. "मी काहीच चांगलं केलं नाही."

मावशी मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसल्या. त्यांनी तिच्या हातातले मेंढरू आपल्या मांडीवर घेतले.

"ह्या मेंढराने तरी काय चांगलं केलं होतं, बाळा?" त्या म्हणाल्या. "ते तर नुसतं हरवलं होतं. तरी मेंढपाळ शोधायला गेला. आणि मी वेडी, ते बक्षीस म्हणून वाटत बसले."

मग त्यांनी तिचे डोळे पुसले आणि सांगितले की प्रभू माफ करतो, पण ज्याचे नुकसान झाले त्याच्यासमोर आपल्याला उभे राहावेच लागते. दोघी मामांसमोर उभ्या राहिल्या. आधी मावशींनी माफी मागितली, मग पिटुकलीने. मामांनी जुडगा काढून टेबलावर ठेवला आणि ते अंगणात मामींना मदत करायला गेले.

मावशी पिटुकलीला घेऊन तडक पाळकांकडे गेल्या, असे मी ऐकले. कमिटी पुन्हा याच खोलीत बसली. तुम्ही राहा, असे अध्यक्ष मामांना म्हणाले.

"मी सांगितलं तेव्हा ते खोटं होतं," मामा म्हणाले. "पोरीने सांगितलं, तर खरं झालं. पोरगी बोलली नसती तर?"

अध्यक्ष माझ्यावरच्या ओलीच्या डागाकडे बघत राहिले.

मामा राहिले. मामींचे औषधपाणी चालू होते आणि जायला दुसरी जागा नव्हती. जुडगा पुन्हा वाजू लागला, पण मामांची थट्टामस्करी परतली नाही. ते आता प्रत्येक नळ हाताने फिरवून बघतात. पिटुकली दर रविवारी दारात त्यांना नमस्कार करी. ते नुसते हं म्हणत आणि पुढे जात.

आमच्या वर्गाची रीतही बदलली. आता मेंढरू लावायला काही करून दाखवावे लागत नाही. पाळी येईल तो गोष्ट सुरू होताना लावतो. मुले आठवड्यातले सांगतात, त्यात चुकलेलेही असते. माझी लव मात्र पाण्याने दबून गेली. मेंढपाळाच्या खांद्यापाशी तर ती उरलीच नाही, त्यामुळे मेंढरू तिथे टिकत नाही.

पिटुकलीची पाळी आली त्या दिवशी तिने कुणालाच हाक मारली नाही. टाचा उंचावून ती हात पुरवायला बघत होती. मागून जुडगा वाजला आणि मामांनी तिला उचलले. तिने मेंढरू लावले. ते घसरले. तिने पुन्हा लावले आणि वरून तळवा दाबून धरला.

"किती वेळ धरणार?" मामांनी विचारले.

"गोष्ट संपेपर्यंत."

मामांनी तिला खाली ठेवले नाही.

मित्रांनो, माझ्यासारखा फळा तुमच्याकडे असेल तर त्याला ओलीपासून जपा आणि त्याच्या लवेवरून कधीतरी मऊ ब्रश फिरवा. न पाहिलेले, पाहिल्यासारखे सांगू नका, मग ते कितीही चांगले वाटो. आणि मेंढरू घसरलेच, तर टाचणी शोधू नका. हात लावा.