बारा गावचं इंजिन

त्या आठवड्यात आत्याच्या फ्रीजमध्ये दूध नव्हतं की भाजी नव्हती. बर्फाच्या कप्प्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले तीन लायनर होते. लायनर म्हणजे पिस्टन ज्या नळीत वरखाली करतो ती नळी. गार केली की ती केसभर आकसते आणि इंजिनाच्या मुख्य सांगाड्यात, म्हणजे ब्लॉकमध्ये, अलगद उतरते. हे मी आत्याला तीनदा समजावलं, तरी ती दर तासाला फ्रीज उघडून विचारायची, "झाले का गं तुझे लायनर?" जसं काही मी आत आइस्क्रीम लावलं होतं.

मी डिझेल मेकॅनिक. सतरा वर्षं ट्रकच्या गॅरेजात काढली आहेत, आणि माझं डोकं लवकर तापतं हे मला कुणी वेगळं सांगायची गरज नाही. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. ती खाडीवर होडी चालवते. पुलावरून पलीकडे जायचं तर अकरा किलोमीटरचा वळसा पडतो, आत्याच्या होडीतून नऊ मिनिटं लागतात. एकतीस वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. मागच्या महिन्यात भर पाण्यात इंजिनातून धडाम आवाज आला, क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, मोडला, त्याने शेजारच्या, झडपा उघडणाऱ्या कॅमचे तीन तुकडे केले, आणि आत्या बारा माणसांना घेऊन वल्ही मारत परत आली.

तिचा परवाना शुक्रवारी संध्याकाळी संपत होता. चालती होडी दाखवली तर तो पुढे वाढणार. नाही दाखवली तर रद्द, आणि साठीनंतर नवा परवाना कुणालाच मिळत नाही. आत्या एकसष्ट वर्षांची. शुक्रवारी होडी हलली नाही तर ती पुन्हा कधीच होडी चालवणार नव्हती. मी गॅरेजात रजेचा अर्ज टाकला आणि पान्यांची पेटी घेऊन तिच्या दारात उभी राहिले.

होडीचं इंजिन ज्या कंपनीचं, तिची इंजिनं कधीचीच बंद झाली आहेत. त्यामुळे मिळेल तिथून मिळेल ते गोळा केलं. ब्लॉक आमचाच, चाळीस वर्षांचा. पिस्टन, रिंगा, लायनर आणि बेअरिंगं नवी. हेड, म्हणजे ब्लॉकवरचं झाकण, एका बंद पडलेल्या दवाखान्याच्या जनरेटरचं. पाण्याचा पंप कुठल्याशा ट्रॅक्टरचा, त्याला मी लेथवर नवी कड काढून घेतली. आत्याच्या बैठकीत चादर अंथरून हे सगळं मांडलं तेव्हा ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "एक ना धड, भाराभर चिंध्या."

"चिंध्या नाहीत आत्या. बारा गावचं पाणी प्यालेलं इंजिन होणार आहे हे. कुठेच अडणार नाही."

"तू नाही का प्यालीस बारा गावचं? तरी अडतेसच."

राहता राहिले क्रँक, कॅम, डिझेलचा पंप आणि स्टार्टर. त्यासाठी भंगारवाल्याकडे गेले. त्याला सगळे कुबेर म्हणतात, कारण त्याच्याकडे काय नाही ते विचारा. त्याने एका मोठ्या लाँचची दोन इंजिनं तोडली होती, तंतोतंत आमच्याच जातीची! मी आनंदाने ओरडलेच. दोन इंजिनांच्या लाँचमध्ये एक उजवीकडे फिरतं आणि दुसरं डावीकडे, नाहीतर लाँच एका अंगाला ओढत राहते. कुबेराने दोन्ही संच वेगळे ठेवून त्यांवर रंगाने 'उ' आणि 'डा' लिहिलं होतं. आमचा जुना कॅम तुकड्यांत, जुळवून बघणार कशाशी? मी तिथूनच आत्याला फोन लावला.

"आत्या, आपलं इंजिन कुठल्या बाजूला फिरायचं?"

"उजवीकडे. एकतीस वर्षं बघतेय मी."

मी 'उ'चा पूर्ण संच उचलला आणि गाणं गुणगुणत घरी आले.

क्रँक आडवा पडून राहिला की वाकतो, म्हणून तो दोन रात्री आत्याच्या कपाटाशेजारी उभा टांगला होता. बुधवारी आम्ही होडीतच इंजिन बांधायला घेतलं. लायनर एकामागून एक बर्फातून काढले आणि ते टक्क करून बसले. तिसऱ्या लायनरला आत्या म्हणाली, "हा मी घालते," आणि खरंच तिने तो सरळ घातला. क्रँक हाताने फिरवून पाहिला, लोण्यासारखा फिरला. दातेरी चाकांवरच्या खुणा जुळल्या. जनरेटरच्या हेडचं एक भोक आमच्या ब्लॉकशी जुळेना, तिथे अर्धा दिवस गेला आणि माझ्या तोंडून जे शब्द गेले ते आत्याने ऐकले नाहीत असं दाखवलं. गुरुवारी संध्याकाळी शेवटचा बोल्ट आवळला तेव्हा मी आनंदाने पान्यानेच ब्लॉकवर ठेका धरला.

शुक्रवारी सकाळी आठला आम्ही होडीत. परवाना कार्यालयाचे साहेब दुपारी चारला तपासणीला येणार होते. मी बटण दाबलं. इंजिन खोकलं, पांढरा धूर सोडला, परत खोकलं, आणि मग पेटलं! तीनही सिलिंडर एका ठेक्यात. तेलाचा काटा वर गेला, मागच्या नळीतून पाणी उडायला लागलं. मी आत्याला मिठी मारली, आत्याने इंजिनाला मारली. एवढा देखणा आवाज मी सतरा वर्षांत ऐकला नव्हता, आणि तो माझ्या हातचा होता.

"सोड दोर," आत्या म्हणाली. ती मागे सुकाणूपाशी उभी राहिली आणि तिने गिअरचा दांडा ऐटीत पुढे टाकला.

होडी मागे गेली. दाणकन धक्क्यावर आदळली, माझा चहाचा थर्मास पाण्यात पडला आणि मी पान्यांच्या पेटीवर.

"होडीला माहेरची ओढ लागली वाटतं," आत्या म्हणाली आणि तिने पुन्हा दांडा पुढे टाकला. पुन्हा दाणकन.

मी इंजिन बंद केलं. बंद करता करता मी फिरणाऱ्या चाकाकडे बघितलं. ते उजवीकडेच फिरत होतं, तरी होडी उलटी जात होती.

"आत्या, तू म्हणालीस उजवीकडे."

"उजवीकडेच फिरायचं. हे बघ, असं." तिने मागून, सुकाणूपाशी उभी राहून, हवेत हात फिरवला.

मी इंजिनाच्या पुढच्या बाजूला होते, तोंड तिच्याकडे. इंजिनाची दिशा पुढून सांगायची हे आम्हा गॅरेजवाल्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. कुबेराची 'उ' आणि 'डा'सुद्धा पुढूनच. मी तिचा फिरणारा हात बघितला. माझ्या बाजूने तो डावीकडे जात होता.

"उजवं म्हणजे कुणाचं उजवं?" मी ओरडले.

"माझं!" ती ओरडली. "एकतीस वर्षं मी मागे उभी राहते. पुढे येऊन कशाला बघू?"

तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी समजलं. इंजिन परत उघडून दुसरा संच बसवायचा तर तीन दिवस हवेत. मागचा गिअर टाकून पुढे जायचं तर तो गिअर धक्क्याला लागण्यापुरता असतो, दिवसभर चालवला की जळून जातो. मी फळीवर बसले आणि डोकं धरलं. चूक माझी होती. 'कुठून बघून?' एवढे दोन शब्द विचारले असते तर भागलं असतं.

  आत्याने खिशातून फडकं काढलं आणि इंजिनावरचा डाग पुसायला लागली. पुसता पुसता म्हणाली, "इतकं छान वाजतंय गं. फिरेना का उलटं."

फिरेना का उलटं! मी ताडकन उठले. इंजिन उलटं फिरतंय तर होडीला ढकलणारा पाण्याखालचा पंखाही उलटा लावायचा, उलट्या पात्यांचा. मग होडी पुढेच जाईल. आमचा गिअरबॉक्स साधा, दोन्हीकडून फिरवून घेणारा. ज्या इंजिनाचा संच आपण घेतला, त्याच इंजिनाचा पंखा पाहिजे!

कुबेराने फोनवर डोकं खाजवल्याचा आवाज मला ऐकू आला. "पंखा होता. पितळी. वर्षापूर्वी दिला ना मी, त्या परवाना कार्यालयाला. पॉलिश करून दारातच टांगलाय त्यांनी."

तासाभरात आम्ही दोघी ग्रीसने माखलेल्या कपड्यांत साहेबांसमोर. साहेब बारीक, चष्मेवाले, टेबलावर पेन्सिलीसुद्धा एका रांगेत. आत्याने नमस्कार केला आणि पाल्हाळ न लावता म्हणाली, "साहेब, तुमच्या दारातला पंखा हवाय."

"ती कार्यालयाची शोभेची वस्तू आहे."

"पंख्याची शोभा पाण्यात. भिंतीवर काय, घड्याळ लावा."

"अहो बाई, चार वाजता मीच येणार तुमची होडी तपासायला. माझ्याच कार्यालयाचा पंखा लावलेली होडी मी पास करू?"

"चालली तर करा," आत्या म्हणाली. "नाही चालली तर नका करू." आणि मग तिचा आवाज एकदम खाली आला. "साहेब, मला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही आवडतही नाही."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. कपाटातून नियमांचं जाडजूड पुस्तक काढलं आणि पानं उलटायला लागले. माझा पारा चढत होता. पण आत्याने माझा पाय दाबून धरला. शेवटी ते म्हणाले, "शोभेची वस्तू बदलून घेता येते. समान किमतीची. तुमचा जुना पंखा पितळी आहे का?"

स्टूल मी धरलं, पण वर साहेब स्वतः चढले.

दुपारी ओहोटी होती, तेवढंच नशीब. होडी चिखलात टेकली आणि आम्ही गुडघाभर चिखलात तिच्या मागे. अडीचला पाणी परत येणार. जुन्या पंख्याचा नट काही केल्या हलेना. पान्याला नळी लावून आम्ही दोघी लोंबकळलो तेव्हा कुठे तो करकरला. नवा पंखा शाफ्टवर चढेना! मी चिडून शिवी घातली, मग बोट आत घालून बघितलं, तर कार्यालयवाल्यांनी भोकात आतूनसुद्धा चकचकीत वार्निश लावलं होतं. शोभेच्या हौशीला काय म्हणावं! ते चाकूने खरवडलं, आणि पंखा सुळकन जागेवर गेला. नट आवळला तेव्हा पाणी माझ्या पोटरीला लागलं होतं. आत्या चिखलात उभी राहून टाळ्या वाजवत होती.

साहेब चारच्या ठोक्याला आले. इंजिन पहिल्या बटणाला सुरू झालं. आत्याने दांड्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.  तिने दांडा पुढे टाकला.

होडी पुढे गेली! सरळ, दमदार, पाणी दुभंगत. मी किंचाळले. साहेबांनी टोपी धरली. अर्ध्या खाडीपर्यंत जाऊन आत्याने होडी थांबवली, मागे घेतली, वळवली, परत धक्क्याला आणून लावली. दोर बांधला तेव्हा साहेब मांडीवर फॉर्म ठेवून लिहीत होते.

"इंजिनाचं वर्ष?"

"ब्लॉक चाळीस वर्षांपूर्वीचा," मी म्हणाले. "हेड पंधरा. क्रँकचं माहीत नाही. पिस्टन मंगळवारचे."

"चौकट एकच आहे. एक आकडा सांगा."

"साहेब," आत्या म्हणाली, "माझा गुडघा गेल्या वर्षीचा आहे. डोळ्यांतली भिंगं त्याच्या आदल्या वर्षीची. खालचे दात या उन्हाळ्यातले. तरी माझ्या चौकटीत तुम्ही एकसष्टच लिहिलंत. मग याचंही जुनंच लिहा, खोटं कशाला?"

साहेबांनी चौकटीत चाळीस वर्षांपूर्वीचं साल लिहिलं. त्याखाली जरा जोर देऊन लिहिलं, 'चालू स्थितीत'. मग शिक्का मारला. "पाच वर्षं."

 आत्याने कागद घेतला, जवळ धरून वाचला, लांब धरून वाचला. "सहासष्टपर्यंत," ती म्हणाली. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते ग्रीसच्याच हाताने पुसलं. रडले याची मला मुळीच लाज वाटली नाही.

तेवढ्यात पलीकडच्या काठावरून हाक आली. एक बाई पिशव्या घेऊन उभी होती आणि दोन्ही हात हलवत होती. महिन्याभरात पहिल्यांदा कुणीतरी इंजिनाचा आवाज ऐकून धक्क्यावर आलं होतं.

आत्याने कागद घडी करून छातीशी खोचला आणि बटण दाबलं.

"अहो बाई, मला कार्यालयात जायचंय!" साहेब अर्धवट उठले.

"परतीच्या खेपेला सोडते. खाली बसा, नियम आहे," आत्या म्हणाली, आणि माझ्याकडे वळून ओरडली, "मिस्त्री, दोर सोड!"

मी दोर सोडला.