रिकामा मिक्सर

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात मिक्सर फार टिकत नसत. दुरुस्तीवाला म्हणायचाही, "काकू, एवढं काय वाटता हो तुम्ही? भांडं तर नव्यासारखं आहे." सासूबाई हसून वेळ मारून नेत. भांडं नव्यासारखंच राहणार, कारण त्यात कधी काही पडतच नसे. मुलाचा हात सुनेवर उठला की रिकामा मिक्सर लावायचा, एवढंच त्याचं काम. सासूबाई मार खात तेव्हा त्यांची सासू रिकामा खलबत्ता कुटत असे. घराची अब्रू घरात ठेवायची रीत तीच, आता ती विजेवर चालत होती इतकंच.

मुलगा बाहेर मोठा गुणाचा. जिन्यात म्हाताऱ्यांच्या पिशव्या उचलायचा, लहानथोरांना अहो-जाहो करायचा. इमारतीचा तो सेक्रेटरी, आणि इतका सोशिक सेक्रेटरी आजवर झाला नाही असं सगळे म्हणत. सोसणारी वेगळीच होती. सून चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. काळे चष्मे तिला सवलतीत मिळत, आणि मालकाला वाटे, बाईला भारी हौस आहे.

त्या रविवारी सकाळी टीव्हीचा रिमोट चालेना. आतले सेल सुनेने भिंतीवरच्या घड्याळात घातले होते.

"कुणाला विचारून घातलेस?" मुलाने विचारलं. हात उठण्याआधी यायचा तसा त्याचा आवाज खाली आला होता.

"घड्याळ बंद पडलं होतं. मला वाटलं…"

"तुला वाटलं."

पहिली थप्पड कानाखाली बसली. मग त्याने तिचे केस धरले आणि कपाळ दाराच्या चौकटीवर आपटलं. ती कोसळली, तसा त्याने कमरेचा पट्टा काढला. बक्कल तोंडावर बसलं आणि एक दात फरशीवरून घरंगळत कपाटाखाली गेला.

सासूबाई सवयीने स्वयंपाकघराकडे वळल्या. पण मिक्सर आधीच सुरू झाला होता. सहा वर्षांची नात स्टुलावर चढून दोन्ही हातांनी झाकण गच्च दाबून उभी होती.

"आजी, मी लावला," ती म्हणाली. "आता कुणाला ऐकू नाही जाणार ना?"

शाबासकीसाठी ती आजीच्या तोंडाकडे बघत होती. सासूबाईंना शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीला आपण दुसरं काही शिकवलंच नाही, हे त्यांना त्या घरघरीत लख्ख कळलं.

त्यांनी वायर उपटली, धावत जाऊन मुलाचा हात धरला. "सोड तिला. मरेल ती."

त्याने झटका दिला. सासूबाई भिंतीवर आदळल्या आणि कोपरात काहीतरी कडकन मोडलं.

"आई, तू तुझं काम कर," तो म्हणाला, आणि पट्टा पुन्हा उचलला.

सासूबाईंनी बाहेरचं दार सताड उघडलं. ऐकू दे सगळ्यांना, कुणीतरी येईल. सुनेचं कण्हणं जिन्यात पसरलं. मग समोरच्या घरात मिक्सर सुरू झाला. पाठोपाठ खालच्या मजल्यावर. मग वरच्या. भली माणसं होती. एका घराची अब्रू उघडी पडतेय म्हटल्यावर शेजारधर्माला जागली.

नातीचा हात धरून सासूबाई जिना उतरल्या. तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीत जाऊन त्यांनी इमारतीचा मुख्य खटका खाली ओढला. सगळी घरघर एकदम थांबली. त्या शांततेत पट्ट्याचा फटका वरपासून खालपर्यंत ऐकू आला, आणि मागोमाग सेक्रेटरीचा आवाज, "आई, आवाज का थांबला? चालू कर."

दारं उघडली. समोरच्या घरातले निवृत्त मास्तर बनियनवरच खाली आले. मागे त्यांची बायको आणि आणखी चौघं-पाचजण.

"काकू, लाईट तुम्ही घालवलीत?"

"वर माझी सून मरतेय."

"अहो, घरगुती मामला. आपण मध्ये कसं पडायचं?"

"मिक्सर लावून पडलातच की मध्ये." सासूबाई मोडका हात छातीशी धरून खटक्याला पाठ लावून उभ्या राहिल्या. "वर चला. नाहीतर इथं उभे राहून ऐका. मी हलणार नाही."

वरून आणखी एक फटका ऐकू आला. मास्तरांनी जमिनीकडे पाहिलं. त्यांची बायको मात्र कुणाकडेही न बघता जिना चढू लागली. मग बाकीचे तिच्यामागे निघाले.

चौघांनी मिळून त्याला धरलं. तेव्हाही तो "अहो, असं काय करता" म्हणत होता. सून वाचली. जबडा मोडला होता, एका कानाने पुढे कधी ऐकू आलं नाही.

दवाखान्यात पोलीस आले. नात सासूबाईंच्या मांडीवर झोपली होती.

"मारणारा कोण?" हवालदाराने विचारलं.

"माझा मुलगा."

"आणि घरात कोण होतं?"

"मी होते. त्यानं इतकी वर्षं मारलं आणि मी आवाज दाबला. दोघांची नावं लिहा."

"काकू, तुमचं कशाला?"

"लिहा," त्या म्हणाल्या. "आणि इमारतीत जाऊन बाकीच्यांनाही विचारा."