खांबावरची हरळी

सासूची तिरडी उचलली त्या संध्याकाळीच मनुबाईनं ठरवलं, की तात्याबा मुकादमाचं वाटोळं करायचं. कसं करायचं ते तिला ठाऊक नव्हतं, पण घाईही नव्हती. रागाला घाई नसली की तो मुरतो, आणि मुरलेला राग लोणच्यासारखा वर्षभर टिकतो.

लढाई संपली ते साल. माणच्या बाजूला पावसानं असं तोंड फिरवलं होतं, की विहिरींच्या तळाला पोरं गोट्या खेळत. मग सरकारला जाग आली. बोरजाईवाडीच्या माळावर तलावाचं दुष्काळी काम निघालं आणि आसपासच्या पाच गावांची तीनशे माणसं कुदळी-पाट्या घेऊन तिथं जमली. खणेल त्याला मजुरी मिळे. ज्याला खणवत नाही अशा म्हाताऱ्या-पांगळ्यांना आठवड्याची ज्वारी फुकट मिळे, त्यांची वेगळी यादी असे. सरकारनं खरंच दिलं, नाही म्हणू नये. पण सरकार बसलं साताऱ्यात, आणि माळावर बसला तात्याबा. कुंपणच शेत खाऊ लागल्यावर राखणदाराला बोलावून काय उपयोग? यादी त्याच्या हातात होती, आणि ज्वारीचं मापही त्याच्याच हातात होतं.

मनुबाईची सासू अंबूबाई ह्या यादीत होती. सत्तरीची, कमरेत वाकलेली, पण जिभेला काही बाक आलेला नव्हता. एका बाजाराच्या दिवशी पदरात ज्वारी पडली तशी ती सगळ्यांसमोर म्हणाली, "आवं मुकादम, ह्यो शेर हाय, का तुमच्या बायकूच्या कुकवाचा करंडा?"

माळभर हशा पिकला. तात्याबाही हसला. पुढच्या आठवड्यात अंबूबाईचं नाव यादीत नव्हतं.

मनुबाई विचारायला गेली तेव्हा तो पान लावत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "जिला येवढं बोलाय येतंय, तिला पाटी बी उचलाय येती. कामावर आन तिला."

अंबूबाई कामावर आली. न येऊन सांगते कुणाला? सुनेच्या एकटीच्या मजुरीत दोघींचं भागत नव्हतं. तीन दिवस तिनं मातीच्या पाट्या वाहिल्या आणि चौथ्या दिवशी भर दुपारी मातीच्या ढिगावर ती पाटीसकट पडली, ती उठलीच नाही. तात्याबानं त्या दिवसाची तिची अर्धीच हजेरी मांडली, कारण अर्धा दिवस भरायचा राहिला होता. हे मी रचून सांगत नाही. हजेरी मांडताना तो ते मोठ्यानं बोलला होता, आणि मनुबाईनं ते ऐकलं होतं.

आता तात्याबाची एक चूक झाली. ती आपल्याकडच्या माणसाचीच व्हावी अशी होती. त्याला वाटलं, सासू गेली म्हणजे सून सुटली. ह्या दोघींचं भांडण वेशीपर्यंत ऐकू जाई हे अवघ्या गावाला माहीत होतं. मीठ जास्त झालं म्हणून भांडण, चूल लवकर विझवली म्हणून भांडण. पण अंबूबाईचा लेक ज्ञानू पलटणीबरोबर ब्रह्मदेशात गेला आणि तिकडंच कामी आला, त्यानंतर ह्या दोघी एका ताटात जेवत, आणि शेवटचा भाकरीचा तुकडा कुणी खायचा ह्यावरूनही त्यांचं भांडणच होई. तू खा, तू खा, असं ते भांडण असे. ते वेशीपर्यंत कसं ऐकू जाणार?

म्हणून सासूच्या तेराव्यानंतर तात्याबानं मनुबाईला बाजूला बोलावलं, तेव्हा त्याच्या मनात काही भीती नव्हती.

"सुटलीस एकदाची," तो म्हणाला. "आता तुझ्या जोगतं हलकं काम हाय. नाथाजीची लेक न्हवं का तू?"

नाथाजी म्हणजे मनुबाईचा बाप. त्यानं उभ्या माणदेशात विहिरी खणल्या. ढासळलेला काठ तो असा लिंपायचा की जुनी माती कुठं संपली आणि नवी कुठं सुरू झाली, हे बघणाऱ्याला कळायचं नाही. ती कला लेकीच्या हातात उतरली होती.

तात्याबाचं काम खांबांचं होतं. आता हे खांब काय ते सांगितलं पाहिजे. तलाव खणताना मधे मधे मातीचे खांब न खणता तसेच उभे ठेवत. उपसलेल्या मातीचे ढीग कडेला चढले, की मूळ जमीन कुठवर होती हे सांगायला त्या खांबांशिवाय काही उरत नसे. खांबाच्या डोक्यावरचं वाळकं गवत हाच पुरावा. साहेब यायचा, डोक्यावर गवत बघायचा, खांबाची उंची मोजायचा. जेवढा खांब उंच, तेवढी खणाई खोल, आणि तेवढीच सरकारी मजुरी. खांब हातभर वाढला तर न खणलेल्या हातभर मातीचीही मजुरी निघे. ती कुणाच्या नावावर काढायची आणि कुणाच्या घरी न्यायची, हे तात्याबानं आणि त्याच्या कारकुनानं आधीच ठरवून ठेवलं होतं.

"वरचं गवत अल्लाद कापून काढायचं," तात्याबा म्हणाला, "हातभर मुरूम चढवायचा, आन गवत पुन्यांदा जसंच्या तसं बसवायचं. पाच खांब हायीत. सांधा दिसला न्हाई पायजे. जमंल?"

मनुबाईला वाटलं, अंबूबाईनंच ह्याला इकडं धाडला. तिनं पदर सावरला आणि म्हणाली, "जमंल की. पर नव्या मातीला ऊन लागलं की सांध्याला भेग पडती. रोज पानी मारावं लागंल."

"मार की. मौलाला सांगतो."

मौला पाणक्या. तीन कोसांवरून रेड्याच्या पाठीवर पखाल लादून तो माळावर पिण्याचं पाणी आणी. माणशी दोन तांबे पाणी मिळे, त्यावर एक थेंब नाही. खांबांसाठी मात्र घागर सुटली. मौलानं घागर ओतताना मनुबाईकडं नीट बघून घेतलं. दुष्काळात पाण्याचा हिशेब पाणक्याला सगळ्यात आधी कळतो.

सहा दिवसांत पाचही खांब वाढले. काम इतकं सफाईचं झालं की तात्याबानं हात फिरवून बघितला तरी त्याला सांधा सापडला नाही. त्यानं खूश होऊन लहान पोराला द्यावी तशी तिला एक गुळाची ढेकळी दिली. मनुबाईनं ती ओढ्यापलीकडं जाऊन फेकून दिली.

आणि मग तिनं खरं काम सुरू केलं. खांबावरचं ते वाळकं गवत हरळीचं होतं. हरळीला मरण नाही. वर्षभर वाळून कडकडीत झालेली हरळी दोन दिवस पाणी मिळालं की कोंभ काढते, हे लहान पोरालाही ठाऊक. मनुबाई सांध्यावर पाणी मारायच्या निमित्तानं शिडी लावून वर चढे आणि सगळं पाणी मुळांत सोडी. घागर पुरेना तेव्हा तिनं आपल्या वाटणीच्या दोन तांब्यांतला एक तांबा त्यात घातला. घसा कोरडा पडे, जीभ टाळूला चिकटे. मग ती अंबूबाईची अर्धी हजेरी आठवे आणि तहान कुठल्या कुठं पळे. वरून तिनं बाभळीच्या काटेरी फांद्या टाकल्या.

"ह्ये कशाला?" तात्याबानं विचारलं.

"पोरं चढून खेळत्यात वं. गवत उपटलं तर समदंच बोंबललं."

"लय हुशार हायीस," तो म्हणाला.

बारा दिवसांनी साताऱ्याहून मापाचा साहेब आला. हडकुळा, चष्मा लावणारा, कमी बोलणारा माणूस. तीनशे माणसं हात थांबवून उभी राहिली. त्याच्या आधी पहाटेच मनुबाईनं पाचही खांबांवरचे काटे काढून टाकले होते.

साहेब ढिगावर चढला आणि तिथंच थांबला. खाली सगळा तलाव पिवळा, माळ पिवळा, क्षितिजापर्यंत नजर जाईल तिकडं पिवळा. आणि मधे पाच खांब, डोक्यावर गर्द हिरवी हरळी वाऱ्यावर हलतेय. गावातल्या दोन शेळ्या खाली उभ्या राहून माना वर करून बघत होत्या.

"मुकादम," साहेब म्हणाला, "मी साताऱ्यापासून इथवर आलो. वाटेत एवढं हिरवं कुठं दिसलं नाही. इथं पाऊस झाला का?"

तात्याबाचा चेहरा राखेसारखा झाला. "दव, साहेब," तो म्हणाला. "हितं दव लय पडतं."

"फक्त खांबांवर?"

कुणीतरी मागं फसकन हसलं. तात्याबा गोरामोरा झाला आणि बुडत्यानं काडीला धरावं तसं त्यानं मनुबाईकडं बोट केलं. "ह्या बाईनं पानी घातलं, साहेब! हिनं!"

"खांबाला पाणी कशाला?" साहेबानं तिला विचारलं.

मनुबाई पुढं आली. "खांब वरचा हातभर खोटा हाय, सायेब. मुकादमानं सांगितलं, म्या बांधला. पानी बी म्याच घातलं."

"ते का?"

"तुमाला दिसावं म्हनून."

साहेबानं खांबाच्या माथ्यात काठी रोवून बघितली, ती सहज आत गेली. मग त्यानं मुकादमाचा पितळी बिल्ला काढून घेतला, कुदळ मागवली आणि ती तात्याबाच्याच हातात दिली. "खोटं तेवढं काढ," तो म्हणाला. तात्याबानं आयुष्यात कुदळ धरलेली नव्हती. पहिलाच घाव चुकून त्याच्या जोड्यावर बसला. तीनशे माणसं हसली. पाचवा खांब होईतो त्याच्या तळहाताची सालं निघाली, धोतर मातीनं भरलं आणि शेवटी तो भर उन्हात, अंबूबाई पडली होती त्याच ढिगाशी मटकन बसला. कारकून तर केव्हाच पसार झाला होता.

लोक म्हणतात, सूड घेऊन समाधान मिळत नाही. असं म्हणणाऱ्यांनी कधी सूड घेतलेला नसतो. मनुबाईला समाधान मिळालं, पोटभर मिळालं. ती हसली नाही, पण डोळे भरून बघत राहिली.

मग साहेब दुसरं बोलला. कामात लबाडी निघाली, म्हणून सगळी खणाई नव्यानं मोजली जाईल. तोवर काम बंद आणि याद्याही बंद. आठ दिवस. आणि खोटा खांब बांधणाऱ्या बाईचं नाव कायमचं कमी. मनुबाईनं मान हलवली. तिचं नाव जाईल हे तिनं पहिल्या दिवसापासून धरून ठेवलं होतं. बाकीच्या तीनशेंचं तिच्या मनात आलंच नव्हतं. रागाच्या डोळ्यांना एकच माणूस दिसतो.

गर्दी पांगली. मघाशी हसणाऱ्यांपैकी कुणी तिच्याकडं बघितलं नाही. मौला रिकाम्या रेड्याला हाकत तिच्या शेजारून गेला आणि थांबला नाही.

शेजारच्या घरात अंजना राहायची. तिच्या सासऱ्याचं, आंधळ्या कोंडीबाचं, नाव यादीत होतं. त्याच्या ज्वारीत तिची दोन पोरंही जेवत. संध्याकाळी मनुबाईनं मडक्याच्या तळाची सगळी ज्वारी पदरात घेतली आणि तिच्या दारात गेली. अंजना चुलीपुढं बसली होती. चुलीत जाळ नव्हता. कोपऱ्यात कोंडीबा आवाजाच्या रोखानं मान वळवून बसला होता.

"अंजने, तात्याबाचं वाटोळं झालं," मनुबाई म्हणाली.

"व्हय. लय ब्येस झालं," अंजना म्हणाली. "माझ्याबी मनात व्हतं त्ये."

तिनं सूप पुढं केलं. मनुबाईनं ज्वारी त्यात ओतली. अंजनानं सूप हलवलं, दाणे बोटांनी पसरले आणि अंदाज घेतला.

"ह्ये दोन दिसांचं झालं, मनुबाई," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, ती खरंच विचारत होती. "ऱ्हायलेल्या सा दिसांत म्हाताऱ्यानं काय खायाचं?"