पालथे काटे

"काटे पालथेच मांड गं, ओदील! आईची अक्षरं वर दिसू देत," सोलांज स्वयंपाकघरातून ओरडली.

"कळतं मला. जन्मभर हेच घासलंय मी. लोकांचं!"

लियों शहरातल्या एका चांदीकामाच्या कारखान्यात ओदीलनं पॉलिश करण्यात हाडं झिजवली होती. आणि आईनं जाताना काय केलं, तर बारा जणांचा काटे-चमच्यांचा अख्खा चांदीचा संच थोरल्या सोलांजच्या पदरात टाकला नि हिच्या हातावर टेकवला एक चमचा. एक! तेव्हापासून ओदील बहिणीकडे जेवायला फिरकली नव्हती. आज भाचीचं लग्न ठरत होतं म्हणून नाइलाज. हे वैभव धड दिसूही नये म्हणून चष्मा तिनं मुद्दाम पर्समध्येच ठेवला होता.

कोंबडी वाढून झाली आणि होणाऱ्या विहीणबाई, मादाम वेर्ने, काटा उचलून डोळ्यांजवळ नेत म्हणाल्या, "अस्सल आहे ना हो? मला मेलीला दिसत नाही. ओदीलबाई, तुम्ही यातल्या. मिनर्व्हा आहे का बघा बरं."

ओदीलनं चष्मा लावला. अस्सल चांदीवर मिनर्व्हा देवीचं शिरस्त्राण घातलेलं डोकं असतं. इथं ते नव्हतं. कारागिराचा ठसाही शंकरपाळ्यासारखा नव्हता, चौकोनी होता. म्हणजे नुसता मुलामा!

तिला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बोलू का? सगळ्यांदेखत? कशी जिरेल हिची! तिनं मान वर केली. सोलांजचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिला माहीत होतं तर.

"आहे की," ओदील म्हणाली. "चांगली ठसठशीत मिनर्व्हा आहे."

पाहुणे गेल्यावर दोघी भांडी पुसत होत्या.

"कधीपासून माहितीये तुला?" ओदीलनं विचारलं.

"आईनंच सांगितलं होतं. खरं सगळं लढाईच्या दिवसांत विकून खाल्लं आपण, हे मुलाम्याचं तिनं मागून करून घेतलं. एकच चमचा उरला होता." सोलांज काटा पुसतच राहिली. "तो तुला दिला. मला म्हणाली, तू मोठी, तू मिरव. मिरवतेय झालं! पण तुझा इतका हेवा वाटायचा गं, वाटायचं येऊन तो चमचा चोरून न्यावा."



घरी येऊन ओदीलनं मांजराच्या खाण्याच्या डब्यातून तो चमचा काढला. अस्सल आहे हे तिला ठाऊक होतं. एकटाच म्हणून रागानं तो तिनं मांजरासाठी ठेवला होता. काळाठिक्कर पडला होता. खडूची पूड घेऊन ती घासायला बसली. हळूहळू आईची अक्षरं वर आली.

चमचा लख्ख झाला. आता तो ठेवावा कुठे, हेच तिला कळेना.